अठरा पायऱ्या

मुलींना घरी शिकवण्याच्या परवानगीचा फॉर्म सोमवारी सकाळी अकराच्या आत शिक्षण कार्यालयात पोचायला हवा होता आणि आज रविवार होता, म्हणून आत्याने सगळ्यांना नऊ वाजताच खाली कारखान्यात बोलावलं होतं. वर घरात का नाही, असं तिच्या धाकट्या भावाने विचारून पाहिलं. घरातल्या टेबलावर चार वर्षं मावत नाहीत, असं तिने सांगितलं.

कारखान्यातलं टेबल मात्र मोठं होतं. जिनेवाला त्यावर जिन्याची अख्खी बाजू खऱ्या मापात आखायचा. आत्याने आपल्या या भावाचं सामान एका बाजूला सारून त्यावर खाकी कागद अंथरला आणि कोपरे उडू नयेत म्हणून रंधा, गुण्या, सरसाचा डबा आणि धाकट्या भावाच्या हातातला चहाचा कप अशा चार वस्तू चार कोपऱ्यांवर ठेवल्या. कप अर्धा भरलेला होता, पण तिने विचारलं नाही.

घारीने शाळा सोडल्याला सात आठवडे झाले होते. घारी म्हणजे जिनेवाल्याची मुलगी, वय पंधरा, डोळे नावाप्रमाणे. "मला तिथे काही मिळत नाही," एवढंच एक वाक्य ती म्हणाली होती आणि त्या एका वाक्यावर या घराने केवढा इमला उभा केला होता. इतर कुठल्या घरात मुलगी शाळेला जात नाही म्हटल्यावर आईबापाच्या तोंडचं पाणी पळालं असतं. इथे सगळ्यांचे चेहरे अभिमानाने फुलले. पोरीला शाळा पुरत नाही. पुरेल कशी? ऐकलेलं पानच्या पान तिला पाठ. आत्याच्या निरोप समारंभात तिने हातात कागदाचा कपटा न घेता वीस मिनिटं म्हणून दाखवलं होतं आणि मुख्याध्यापकांनी रुमाल काढला होता. तेव्हा ठरलं, की पोरीला घरीच शिकवायचं, आणि तेही जुन्या अभिजात पद्धतीने, व्याकरण, भूमिती, तर्क, वक्तृत्व असं पायापासून. सोबतीला धाकट्याची मुलगीही घरीच शिकणार होती. ती चौदा वर्षांची होती आणि साठ वर्षांच्या बाईसारखी बोलायची, म्हणून तिला सगळे आजीबाई म्हणत.

"पहिलं वर्ष व्याकरण," आत्याने कागदावर पहिला चौकोन काढला. "आपल्या भाषेचं आणि संस्कृतचं, शेजारी शेजारी ठेवून. इतिहास अगदी जुना, माणसाने नांगर धरला तिथपासून. दुसऱ्या वर्षी तर्कशास्त्र. मुद्दा कसा मांडायचा, समोरचा कुठे फसवतोय ते कसं ओळखायचं. तिसऱ्या वर्षी भूमिती, सगळ्या सिद्धतांसकट, आणि आकाशातले तारे. चौथ्या वर्षी वक्तृत्व. पुस्तकं पन्नास."

"पन्नास?" धाकटा म्हणाला.

"अख्खी. उतारे नाहीत."

"आणि शेवटी परीक्षा?"

"परीक्षा नाही. शेवटच्या दिवशी दोघींनी एकेक करून उभं राहायचं आणि अर्धा तास एक मत मांडायचं. मग पुढचा अर्धा तास त्याच मताच्या विरुद्ध बोलायचं. ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळता कामा नये, तिचं स्वतःचं मत कुठलं."

"हे भावजींना आत्ताच येतं," घारीची आई म्हणाली. धाकट्याने हसून मान डोलावली. तो एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा आणि घरात कुठल्याच बाजूने ठाम बोलायचा नाही.

जिनेवाला आतापर्यंत गप्प होता. त्याने कानामागची पेन्सिल काढली.

"ताई, उंची किती?"

"कसली उंची?"

"त्या शेवटच्या दिवसाची. जिना वरून आखतात. आधी वर कुठे पोचायचंय ते बघायचं, मग पायऱ्या किती ते ठरवायचं. वर्षाची चार सत्रं म्हणतेस, तर चार चोक सोळा पायऱ्या. सगळ्या सारख्या उंचीच्या हव्यात. एक जरी करंगळीएवढी उंच झाली, तरी माणूस नेमका तिथेच अडखळतो. रोज अडखळतो." त्याने आत्याच्या चौकोनांवरून पेन्सिल फिरवत नेली आणि दुसऱ्या वर्षापाशी थांबवली. "ही सहावी उंच आहे."

"म्हणजे?"

"इथे म्हणतेस, वाद करा. पण सिद्ध करणं म्हणजे काय, ते त्यांना अजून कुणी दाखवलंच नाही. ते तू तिसऱ्या वर्षी ठेवलंयस. भूमिती आधी आण. त्रिकोणाशी भांडता येत नाही. तिथे गप्प बसायला शिकल्या, की मग माणसांशी भांडू देत."

आत्या त्या चौकोनाकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं तिने शाळेत भाषा शिकवली होती. तिला एक खोड होती, समोरच्याला शब्द सापडेना की ती तो पुरवायची. विद्यार्थ्यांना पुरवायची, भावांना पुरवायची, डॉक्टर तिला तपासताना "तुमचा जरा" म्हणून थांबला की "रक्तदाब" म्हणून मोकळी व्हायची. पण आता तिला स्वतःलाच काही सुचेना. भाऊ बरोबर बोलत होता. याच भावाला आठवीतून काढून सुताराच्या हाताखाली घाला, याचं अभ्यासात डोकं नाही, असं वडिलांना सांगितलं होतं ते तिनेच. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, नुकती नोकरीला लागली होती आणि तिला सगळं कळत होतं. त्या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली होती आणि त्यावर दोघं एकदाही बोलली नव्हती. तिने खोडरबर घेतलं आणि भूमिती दुसऱ्या वर्षात आणली.

*

घारीच्या आईला हे सगळं छान वाटत होतं आणि पटत मात्र नव्हतं. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. दिवसभर काचपट्ट्या आणि नळ्या, प्रत्येकीवर लेबल. दिसायला सगळे नमुने सारखेच लाल असतात आणि आत काय आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. शाळा सोडण्याआधी तीन महिने घारीचं पोट दुखत होतं. आईने स्वतः सुई टोचून रक्त काढलं, स्वतः तपासलं. सगळं व्यवस्थित होतं. मग तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुखण्याचे दिवस खुणा करून ठेवले, तर खुणा सगळ्या मंगळवारी आणि शुक्रवारी. वार बघून दुखणारं पोट तिने इतक्या वर्षांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं नव्हतं.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "ती शाळेत का जात नाही, हे आपल्यापैकी कुणी तिला विचारलं?"

"तिने सांगितलं की. तिला तिथे..."

"कंटाळा येतो, हे तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, काही मिळत नाही. वेगळं आहे ते."

"हुशार मुलांना कंटाळाच येतो गं. माझ्या वर्गात काय कमी पाहिली अशी?"

घारी आणि आजीबाई खिडकीखालच्या फळ्यांच्या चळतीवर बसल्या होत्या. घारी पायाने भुसा गोळा करत होती. आईने तिच्याकडे पाहिलं, तर तिने भुश्याचा ढीग मोडून टाकला.

"अहो," आई नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही तरी बोला. आज सह्या झाल्या की दर सहा महिन्यांनी अधिकारी घरी येणार. मुलींना न पाहिलेला उतारा वाचायला देणार, त्यावर लिहायला लावणार. नापास झाल्या तर पुन्हा शाळा, आणि तीही एक वर्ग मागे. खेळ नाही हा."

"नापास?" आत्या हसली. "ही?"

जिनेवाला खाकी कागदाच्या खालच्या टोकाला बोट लावून उभा होता. "खालची पातळी घ्यायची राहिलीय," तो म्हणाला. "जिन्याची चूक नेहमी पहिल्या पायरीत होते. सगळे वर बघत असतात. खाली अजून फरशी बसायची असते हे कुणी धरत नाही. मग फरशी बसते आणि पहिली पायरी भलतीच होऊन बसते. म्हणून मी कुणाच्या नकाशावर भिस्त ठेवत नाही. जाऊन गुडघ्यावर बसतो आणि मोजतो."

"गुणपत्रिका जोडल्यात ना फॉर्मला."

"तो नकाशा झाला, ताई. दोघींना एकेक पान वाचू दे. म्हणजे कुठून सुरुवात ते कळेल."

घारीच्या आईने नवऱ्याकडे जरा नव्याने पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि मोठ्या बहिणीपुढे त्याला सलग इतकं बोलताना तिने ऐकलं नव्हतं. "वाचू दे," ती म्हणाली. "मग मी सही करते."

*

आजीबाईने आधी वाचलं. तिने नेहमीसारखं भराभर वाचलं, दोन ठिकाणी थांबून लेखकाला नावंही ठेवली. तिचे वडील खूश झाले. मग घारी उठली आणि आत्याने आणलेल्या पुस्तकांच्या खोक्यांतून तिने स्वतःच एक पुस्तक काढलं. ते पहिल्या सत्राच्या यादीतलं पहिलंच होतं, एका जुन्या खलाशाच्या प्रवासाचं. पाठ टेकायला भिंतीशी उभ्या केलेल्या फळ्यांशिवाय जागा नव्हती, म्हणून ती तिथेच टेकलेल्या धाकट्या काकाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

तिने मधूनच, वादळाचं चित्र असलेलं एक पान उघडलं आणि वाचायला लागली. वादळ येतं, शीड फाटतं, खलाशी सुई-दोरा घेऊन डोलकाठीवर चढतो. आवाज तर असा, की भिंतीपलीकडचा शेजारी करवत थांबवून ऐकेल. आत्याने डोळे मिटून घेतले. आईच्याही कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या.

काकाने डोळे मिटले नाहीत. त्याला ते जमायचंच नाही. छापलेला मजकूर दिसला की त्याचं बोट ओळीखाली जायचं, लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा. आताही त्याची नजर घारीच्या हातातल्या पानावर ओळीओळीने उतरत होती. पंधराव्या पानाच्या तळाशी घारीने पान उलटलं आणि ती पुढे वाचत राहिली. काकाची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे अठरा होतं.

दोन पानं एकत्र उलटली गेली होती. समोर अठराव्या पानावर खलाशी बंदरात बसून कांदे निवडत होता आणि घारी मात्र अजून डोलकाठीवर होती. वारा होता, दोरा दातांत धरला होता, खालून कप्तान ओरडत होता. सोळावं पान, सतरावं पान, एकही शब्द इकडेतिकडे नाही. समोर ते शब्दच नव्हते.

काकाने मान वळवून आपल्या मुलीकडे पाहिलं. आजीबाईचे ओठ घारीच्या बरोबर हलत होते. वडिलांची नजर दिसताच ते थांबले आणि तिने खाली पाहिलं. रोज संध्याकाळी दोघी गच्चीवर जाऊन बसायच्या, वरून वाचण्याचा आवाज यायचा, आणि तो आवाज नेहमी एकीचाच असतो हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तीन रकान्यांपलीकडची चुकलेली वेलांटी ज्याला दिसायची, त्याच माणसाच्या डोक्यावरच्या गच्चीत हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

घारीने वाचन संपवलं. आत्याने डोळे पुसले, जिनेवाल्याकडे पाहिलं आणि फॉर्म पुढे ओढला. "मोजलंस ना रे बाळ? हे घ्या, सह्या करा. आधी शिकवणाऱ्यांच्या. धाकट्या, इतिहास तुझ्याकडे."

काकाने घारीच्या हातून पुस्तक घेतलं. चिकटलेली दोन पानं नखाने अलगद सुटी केली, पुस्तक मिटलं आणि खोक्यात ठेवलं.

"मी सही करणार नाही," तो म्हणाला.

"काय?"

"आज नाही करणार."

"आज नाही म्हणजे कधी? उद्या अकरा वाजता..."

"तेही माहीत आहे."

आत्याचा चेहरा तांबडा झाला. "हे मला ठाऊक होतं. नेहमीचं तुझं. ऐन वेळी पाय काढता घ्यायचा. वडिलांच्या आजारपणात तेच, घर विकायच्या वेळी तेच. सात आठवडे राबून मी हे उभं केलं आणि तू काठावर बसून..."

"हो. तसं समज."

"भावजी, कारण तरी सांगा," घारीची आई म्हणाली. तिला खरं तर तो आपल्या बाजूला आला याचं बरं वाटायला हवं होतं, पण त्याचा चेहरा बाजू बदललेल्या माणसाचा नव्हता.

 काकाने कपाखालचा खाकी कागदाचा कोपरा नीट केला.

*

घारीने पानं सुटी करताना त्याचं नख पाहिलं होतं. तिला सगळं कळलं.

सात आठवडे तिला वाटत होतं, की कुणाला कळलं तर आपण मेलो. आता एकाला कळलं होतं, आणि तो तिच्यासाठी शिव्या खात गप्प उभा होता. आत्या आता आजोबांच्या आजारपणापाशी पोचली होती. तिथून ती लवकर परत यायची नाही. घारीला एकदम वाटलं, आपण गप्प राहिलो तर हा माणूस जन्मभर हे ऐकत राहील आणि एक अक्षर बोलणार नाही.

"आत्या, काकांना बोलू नकोस," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही."



"आता तर वाचलंस," आत्या म्हणाली.

"ते वाचलं नाही, पाठ होतं. हिने मला वाचून दाखवलं तीन वेळा." आजीबाई रडायला लागली होती. "मला वाचता येतं, पण एकेक अक्षर लावत. ओळी एकमेकींत घुसतात. एका पानाला अर्धा तास लागतो आणि शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. आधी चालून जायचं. धडे हिच्याकडून ऐकले की प्रश्नाचे दोन शब्द वाचून कळायचं. नववीत न पाहिलेले उतारे आले. मंगळवारी आणि शुक्रवारी. उभं राहून वाचायचं."

आईला दिनदर्शिकेवरच्या खुणा आठवल्या.

"बाईंनी चार ओळी वाचायला सांगितल्या. मला दोन आल्या. मग त्या म्हणाल्या, बसा, तुमचं वाचून होईपर्यंत शाळा सुटेल. सगळे हसले. बाई पण वाईट नाहीत तशा. त्यांनी गंमत केली." घारीचा आवाज आता कापत नव्हता. "पुढच्या मंगळवारी त्यांनी मला सोडून पुढच्या मुलीला उठवलं. मग दर वेळी सोडूनच. म्हणून म्हणाले, तिथे मला काही मिळत नाही."

"पण पाचव्या वर्षी मी तुला वाचायला शिकवलं," आत्या म्हणाली. "माझ्या मांडीवर. तू घडाघडा वाचायचीस."

"तू आधी एकदा वाचायचीस. मग मी म्हणायचे. आणि मी अडखळले, की तू शब्द सांगायचीस."

आत्या फळ्यांवर बसली.  आईने येऊन घारीला जवळ घेतलं, इतकं घट्ट, की घारीला तिच्या खिशातलं पेन टोचलं. "मला का नाही सांगितलंस," आई म्हणाली. आणि मग, "मी रक्त काढत बसले."

थोड्या वेळाने आत्याच पहिली सावरली. तिचा स्वभावच तो. "हे बघा," ती म्हणाली, "फॉर्म आहे तसा उद्या देऊ. अधिकारी सहा महिन्यांनी येणार. तेवढ्यात मी तिला तयार करते. रोज चार तास. कुणाला कळायचं नाही."

"नाही," घारीची आई म्हणाली.

"अगं, खरं लिहिलं तर मंजूर करतील का ते?"

"नाही केलं तर परत जाऊ. परत भरू. ताई, चुकीचं लेबल लावून नमुना पुढे पाठवला ना, तर पुढे यंत्र कितीही चांगलं असो, प्रत्येक रिपोर्ट चुकीचाच येतो. मी इतकी वर्षं ते करत नाही. पोरीच्या बाबतीत करणार नाही." मग ती जरा थांबली. "सकाळी मी हिला शाळेत परत पाठवा म्हणून भांडायला आले होते. आता मीच म्हणते, घरी शिकवायचं. पण ती जिथे उभी आहे, तिथून."

"मग मी सही करतो," धाकटा म्हणाला.

जिनेवाल्याने एव्हाना टेबलाचा खण उघडला होता. त्यातून त्याने पोलादी पट्टी काढली, हातभर लांब, आकडे पुसट झालेली, एक कड घासून चकचकीत. सगळ्यांना वाटलं, तो काही मोजणार आहे. त्याने ती घारीपुढे धरली.

"ही ओळीखाली ठेवायची. खालच्या ओळी झाकल्या जातात. एक ओळ झाली की सरकवायची."

"तुम्हाला कसं माहीत?" आई म्हणाली.

"मी अशीच वाचतो. नकाशावरच्या सूचना, बिलं, सगळं. मी रोज पहाटे लवकर कारखान्यात येतो ते काय लाकडाच्या प्रेमाने? कुणी नसताना वाचून घेतो."

भावाने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की आत्याला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला. ती उठून त्याच्यापाशी गेली.

"बाळ, तुला मी काढलं शाळेतून."

"माहीत आहे."

"कधी बोलला नाहीस."

"शब्द सापडला नसता, ताई. आणि मग तो तूच सांगितला असतास."

धाकट्याला हसू आवरेना. मग आत्याही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने भावाच्या बाहीवरचा भुसा झटकला, तो नसलेल्या ठिकाणीही झटकला.

"पुस्तकं वीस करू," ती नाक पुसत म्हणाली. "शेवटच्या दिवसाचं भाषणही जरा सोपं..."

"नाही," घारी म्हणाली. "पुस्तकं पन्नासच. आणि अर्धा तास एका बाजूने, अर्धा तास दुसऱ्या. मला ते करायचंय."

जिनेवाल्याने कागदाच्या खालच्या टोकाला आणखी दोन रेघा मारल्या. "वरचा मजला तोच ठेवायचा तर खालून पायऱ्या वाढतात," तो म्हणाला. "सोळाच्या अठरा झाल्या."

*

नव्या फॉर्मची कोरी प्रत आत्याकडे होती. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीची कोरी प्रत असायची. तिने तो टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या सत्राच्या रकान्यात लिहिलं. अक्षर तिने मुद्दाम मोठं काढलं, शब्दांत अंतर जास्त ठेवलं. मग फॉर्म घारीकडे फिरवला.

"हे वाच. बरोबर वाटलं तर पाठवू."

घारीने पट्टी ओळीखाली ठेवली. आजीबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने ओठ दातांनी दाबून धरले होते.

"विद्या," घारी म्हणाली. "विद्यार्थि. विद्यार्थिनीला." तिने बोट पुढे नेलं. "स. सल. सलग. वाचता. येत नाही."

पट्टी एक ओळ खाली सरकली. बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं.

"ते," घारी म्हणाली आणि थांबली.

पुढचा शब्द चांगलाच अवघड होता. आत्याला तो दिसत होता, तिनेच लिहिला होता. घारीने त्यावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. तिचे कान लाल झाले. आत्याच्या जिभेच्या टोकावर तो शब्द येऊन बसला. पस्तीस वर्षांत असा आलेला शब्द तिने कधी परत पाठवला नव्हता. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. जिनेवाला बहिणीकडे बघत होता. काकाने कप उचलला आणि थंड झालेला चहा न पिता तसाच हातात धरला. घारीची आई मनातल्या मनात आकडे मोजत होती, आणि ते पंधराच्या पुढे गेले.

आत्याने ओठ उघडले नाहीत.

"प्र," घारी म्हणाली. "प्रथ." तिने पट्टी किंचित वर दाबली. "प्रथम. ते प्रथम शिकवले जाईल."

ती मान वर करून आत्याकडे बघायला लागली.

"बरोबर आहे," घारी म्हणाली. "पाठव."